रणपिसे सरांचं घड्याळ आणि फौजदार

रणपिसे सर आमच्या हायस्कुलात पी.टी. शिकवायचे आणि सगळ्या नोकरीत मी त्यांना एकदाही पळताना पाहिलं नाही. पळणं लांबच राहिलं, चालतानाही क्वचितच. मैदानाच्या कडेला जांभळीखाली त्यांची लोखंडी घडीची खुर्ची असायची. सकाळी शिपाई ती मांडायचा, सर तिच्यात बसायचे, आणि शाळा सुटली की शिपाई ती उचलायचा. मधल्या वेळात सरांच्या अंगाचे फक्त गाल हलायचे, कारण शिट्टी फुंकायला गाल लागतात. एक शिट्टी म्हणजे धाव. दोन म्हणजे थांब. आणि एक लांबलचक शिट्टी म्हणजे, बसलास का रे, ऊठ.

एकदा हेडमास्तरांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी मैदानावर येऊन सरांना सांगितलं की पोरांना लांब उडी स्वतः मारून दाखवा. सरांनी मान वर केली. म्हणाले, "साहेब, म्या उडी मारली तर पोरं बघत बसतील. मग उड्या कोण मारणार? सरानं पळायचं नसतं. पळवायचं असतं." हेडमास्तर आले तसे ऑफिसात परत गेले. गंमत म्हणजे आमच्या कबड्डीच्या पोरी तालुक्यात कुणाला ऐकायच्या नाहीत. बाकीच्या शाळांचे पी.टी. सर ट्रॅकसूट घालून मैदानात नाचायचे आणि हरून घरी जायचे.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. आम्ही दोघंही हिर्डोशीचे, घरं शेजारी शेजारी, मध्ये फक्त एक कुडाचं कुंपण. सकाळच्या एसटीनं भोरला जायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं, असा आमचा वर्षानुवर्षांचा संसार होता. म्हणजे एसटीबरोबरचा. सरांचा खरा संसार सुमनवहिनींच्या जिवावर चालायचा. रोज रात्री जेवणाच्या वेळी त्यांची हाक माझ्या चुलीपर्यंत यायची, "अहो, उठा, पान वाढलंय." पहिल्या हाकेला सर 'हं' म्हणायचे, दुसऱ्या हाकेला 'आलो' म्हणायचे आणि तिसऱ्या हाकेला खरोखर उठायचे. मी माझ्या घरी तिसऱ्या हाकेवर भात उतरवायचे, कधी कच्चा राहिला नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेनं शाल-नारळाबरोबर ती लोखंडी खुर्चीही देऊन टाकली. दुसऱ्या कुणाला तिच्यात बसताच आलं नसतं, सरांच्या आकाराचा खोलगटपणा आला होता तिला. खुर्ची एसटीच्या टपावरून हिर्डोशीला आली, सरांच्या ओट्यावर मांडली गेली आणि सर परत तिच्यात बसले. त्यांच्या दृष्टीनं निवृत्तीमुळे एवढाच फरक पडला की जांभळीची सावली गेली.

पुढे वहिनी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता भोरच्या दवाखान्यात नेलं आणि परत आणलं ते तसंच. विहारात वंदना झाली, माणसं आली, माणसं गेली, मुलगी प्रज्ञा दुबईहून येऊन महिनाभर राहिली आणि तीही गेली. त्यानंतर सर खरोखरीच बसले. आधीचं बसणं विनोदाचं होतं, हे तसं नव्हतं. जेवणाचा डबा मी कुंपणावरून द्यायचे तो संध्याकाळपर्यंत तसाच. पाय सुजायला लागले, गुडघे धरले. मी एकदा जरा चिडूनच म्हटलं, सर, निदान विहिरीपर्यंत तरी जाऊन येत जा. ते रस्त्याकडे बघत म्हणाले,

"जायचं, बाई. पन उठ म्हनून हाक मारनारं कोन ऱ्हायलंय?"

मी डबा उचलून घरी आले आणि त्या दिवशी मलाही जेवण गेलं नाही.

ही प्रज्ञा म्हणजे बापाच्या बरोबर उलटी. जन्मल्यापासून एका जागी बसलेली मला आठवत नाही. शिकली काय, तर फिजिओथेरपी. दुबईच्या कुठल्याशा इस्पितळात ती अंथरुणाला खिळलेल्या माणसांना उठवून चालवायची. घरात न उठणारा बाप आणि पोरगी परमुलखात दुनियेला चालवतेय, हे तिला सलत असणार. पुढच्या सुट्टीत ती आली ती एक मखमली डबी घेऊन. डबीत घड्याळ. जड, चकचकीत, काचेच्या मागच्या बाजूनं आतली चाकं दिसणारं. स्वित्झर्लंडचं. किंमत सरांनी विचारली नाही आणि तिनं सांगितली नाही, त्यामुळे दोघंही आनंदात राहिले.

आता घड्याळ म्हटलं की आपल्याला एक तर सेल माहीत किंवा चावी. याला दोन्ही नव्हतं. आत एक अर्धगोल चकती होती. मनगट हललं की ती फिरायची, ती फिरली की घड्याळाला चावी बसायची. बाजूला खुंटी होती ती फक्त काटे फिरवायला. घालणारा हलला तर घड्याळ चालणार, घालणारा बसला तर दुसऱ्या दिवशी घड्याळही बसणार. प्रज्ञानं हे सगळं ओट्यावर बसून आमच्या दोघांसमोर नीट समजावून सांगितलं, आणि शेवटी खरा मुद्दा काढला.

"पप्पा, मी केव्हाही व्हिडिओ कॉल करीन. कॉल आला की घड्याळ दाखवायचं. बंद दिसलं तर मी समजेन की तुम्ही हलत नाही. मग हे घर बंद करायचं आणि धायरीच्या फ्लॅटवर राहायला जायचं. तिथं मी बाई ठेवीन दिवसरात्र."

धायरीचा फ्लॅट तिनं घेऊन ठेवला होता. अकरावा मजला, लिफ्ट, आणि खिडकीतून समोर दुसऱ्याची खिडकी. सर एकदा तिथं राहून आले होते आणि परत आल्यावर म्हणाले होते की तिथं माणूस मेला तरी आधी वॉचमनला विचारून मरावं लागतं. हिर्डोशीचा ओटा सोडून तिकडं जायचं या कल्पनेनंच त्यांचा चेहरा उतरला. पोरीनं बापाच्या मनगटाला बेडी घातली होती, फक्त ती फार महागाची होती म्हणून सगळं गाव तिचं कौतुक करत होतं.

पहिल्याच आठवड्यात घड्याळ बंद पडलं. सरांनी काटे जुळवले, मनगट चार वेळा झटकलं, दुसऱ्या दिवशी परत बंद. मग म्हणायला लागले की माल खराब आहे. मला बरोबर घेऊन ते नसरापूरला गेले, कारण तिथं हायवेजवळ एक घड्याळवाला होता. तो मुख्यतः मोबाईलची कव्हरं विकायचा आणि त्याचं तोंड फटकळ होतं. त्यानं घड्याळ कानाला लावलं, हातात धरून जरा डोलवलं, ते टिकटिकायला लागलं. मग त्यानं सरांकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सांगितलं की घड्याळाला काही झालेलं नाही, दुरुस्ती घालणाऱ्याची करावी लागेल, ती आमच्याकडं होत नाही. परतीच्या वडापच्या जीपमध्ये सर सारखं घड्याळ कानाला लावून बघत होते.

पण सर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. सबंध आयुष्य त्यांनी स्वतः न हलता दुसऱ्याला हलवून काढलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर येणाऱ्याची धडगत राहिली नाही. पोस्टमन आला, की सर मोठ्या प्रेमानं म्हणायचे, घालून तर बघा, परदेशी आहे. तो हरखून घालायचा. मग सर सांगायचे, आता वाडीतली टपालं वाटून या, कसं वाटतंय सांगा. पोस्टमन सगळं गाव तंगड्या तोडत फिरून यायचा आणि घड्याळ परत देताना वर आभार मानायचा. माझ्यावरही पाळी आली. मी ताक घुसळायला बसले की कुंपणावरून घड्याळ यायचं, "बाई, घुसळताना घाला." माझ्या हातावर ते असं काही चालायचं की विचारू नका. मला वाटतं ते माझ्यासाठीच बनवलेलं होतं.

प्रज्ञाचा कॉल आला की सर ऐटीत मनगट पुढं करायचे. सेकंदाचा काटा फिरतोय, वेळ बरोबर. ती खूश व्हायची, विचारायची की आज कुठवर गेला होतात. सर म्हणायचे, वाडी फिरलो सगळी. खोटं नव्हतं ते, फक्त पाय पोस्टमनचे होते.

मध्येच त्या घड्याळानं दुसरं सोंग काढलं. ते पुढं पळायला लागलं, आणि थोडंथोडकं नव्हे. सरांनी त्यावर विश्वास ठेवला हे विशेष. त्यांचं म्हणणं, स्वित्झर्लंडचं घड्याळ चुकेल कसं, तुमची चुकली असतील. एका जुन्या विद्यार्थिनीचं भोंगवलीला लग्न होतं, दुपारचं. सरांनी मला एवढ्या लवकर घराबाहेर काढलं की आम्ही पोचलो तेव्हा मांडववाले बांबू रोवत होते आणि नवरी केस धुऊन उन्हात बसली होती. सर एका उलट्या पातेल्यावर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उशीर झाल्याबद्दल रागे भरू लागले. नवरीच्या बापानं माफी मागितली. शेवटी आम्ही परत नसरापूर गाठलं तेव्हा कारण कळलं. सर झोपताना घड्याळ गाणी ऐकायच्या स्पीकरवर ठेवायचे, त्यातलं चुंबक घड्याळाला लागलं होतं. घड्याळवाल्यानं ते कसल्याशा डबीवर धरून उतरवलं आणि सरांना बजावलं की आता हे तुम्ही हातात घालण्याचा प्रयोग करून बघा, लोक तसंच वापरतात.

मग पोस्टमनची बदली झाली, आणि माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून ताक घुसळणंही बंद झालं. सरांचे दोन्ही हात गेले म्हणायचे. अशा वेळी त्यांना ठकूबाई दिसली.

ठकूबाई ढेबे वरच्या धनगरवाड्यावरून रोज सकाळी दूध घेऊन खाली यायची. तिची शेरडं दिवसभर डोंगरावर हिंडायची आणि त्यांच्यात एक काळा बोकड होता. तो कुणाच्याही घरात घुसून तपासणी करायचा म्हणून त्याचं नाव फौजदार. सरांनी ठकूबाईला घड्याळ दिलं आणि सांगितलं की हे दिवसाआड फौजदाराच्या गळ्यातल्या घुंगराच्या पट्ट्याला बांध, दुसऱ्या सकाळी परत आण. ठकूबाईनं घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं.

"मास्तर, त्याला ह्ये कशापायी? त्याला बिनघड्याळाचं बी कळतंय घरी कवा यायचं त्ये."

पण तिनं बांधलं. स्वित्झर्लंडच्या कुणा कारागिरानं डोळ्यात भिंग घालून जुळवलेली ती चाकं वरंधा घाटाच्या बाजूच्या डोंगरावर करवंदीच्या जाळ्यांतून उड्या मारू लागली. आणि खरं सांगते, घड्याळ त्याआधी कधी इतकं चोख चाललं नव्हतं. सकाळी परत यायचं तेव्हा पट्ट्यात काळे केस अडकलेले असायचे आणि शेरडांचा वास यायचा, तेवढा सर धोतराच्या फडक्यानं पुसून काढायचे. एकदा कॉलवर प्रज्ञानं विचारलं, पप्पा, पट्ट्यात ते काय अडकलंय? सर म्हणाले, माझेच केस. त्यांच्या डोक्यावर काळा केस औषधाला नव्हता.

पावसाळा सरून ऊन पडलं होतं त्या दिवसांतली ही गोष्ट. मी डोळ्यावर हिरवा चष्मा लावून सरांच्या ओट्यावर बसले होते. ठकूबाई त्या सकाळी दूध घेऊन आलीच नव्हती, त्यामुळे घड्याळही आलं नव्हतं. आणि दुपारी मोबाईल वाजला. प्रज्ञा. सरांनी मनगट पाठीमागं लपवलं, जसं काही घड्याळ तिथंच होतं.

"पप्पा, घड्याळ दाखवा."

सर म्हणाले, ऐकू येत नाही. ती म्हणाली, मला तर स्पष्ट ऐकू येतंय. सर म्हणाले, रेंज जातेय. आणि त्यांनी मोबाईल बंद केला. मग माझ्याकडं बघितलं. मैदानावर हरायला आलेल्या दुसऱ्या शाळांच्या पोरींचा चेहरा मी पुष्कळ वेळा पाहिला होता, तो त्या दिवशी सरांचा होता. धायरी, अकरावा मजला, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार. मला वाटलं, आता ते तिला फोन करून खरं सांगतील.

ते उठले. कुणीही हाक न मारता उठले. खुंटीवरची शिट्टी गळ्यात घातली, काठी घेतली आणि वरच्या वाटेला लागले. मी मागून ओरडले की सर, गुडघे सांभाळा, पण त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मला राहवेना. हिरव्या चष्म्यासकट मी त्यांच्या मागं निघाले.

धनगरवाड्यावर पोचलो तेव्हा सरांचा सदरा घामानं भिजला होता. ठकूबाई तापानं पडली होती आणि शेरडं एकटीच माळावर गेली होती. तिच्या सासूनं बोट केलं ते आणखी वर. सर थांबले नाहीत. दर दहा पावलांवर ते शिट्टी फुंकायचे, आणि आश्चर्य म्हणजे ती शिट्टी ऐकून बघायला फौजदार स्वतःहून एका खडकावर येऊन उभा राहिला. सर जवळ गेले की तो पुढच्या खडकावर. सर त्याला शिव्या देत होते, तो सरांना डोंगर चढवत होता. एवढ्या वर्षांनी सरांना त्यांचा पी.टी.चा मास्तर भेटला होता.

शेवटी माथ्यावरच्या सपाट सड्यावर त्यांनी त्याची शिंगं धरली. आणि तिथं वर रेंज एकदम चांगली होती, त्यामुळे मोबाईल परत वाजला. सरांनी मला हातानं सांगितलं, घ्या. मी कॉल घेतला आणि मोबाईल धरला. पलीकडं प्रज्ञाचा चेहरा, आणि तिला दिसलं ते हे: खाली धरणाचं पाणी, मागं सगळा डोंगर, वाऱ्यानं उडणारा सदरा, आणि तिचा बाप एका काळ्या बोकडाच्या गळ्यातलं स्विस घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरून धापा टाकतोय.

"चालू हाय बघ," सर म्हणाले.

प्रज्ञाचे ओठ हलले, मग तिनं तोंडावर हात ठेवला. हसत होती की रडत होती ते माझ्या ऑपरेशनच्या डोळ्याला कळलं नाही. मग तिनं एवढंच म्हटलं, "मी येते," आणि कॉल बंद झाला.

'मी येते' म्हणजे न्यायला येते, हे आम्ही दोघांनीही ओळखलं. खाली येताना सरांनी घड्याळ फौजदाराच्या गळ्यातून सोडलं आणि खिशात टाकलं. घरी आल्यावर कपाटात ठेवलं. ते तिथंच बंद पडलं असणार, कारण पुन्हा कुणी त्याला हात लावला नाही. ठकूबाईला बरं वाटून ती दूध आणायला लागली, तिनं विचारलं तरी सरांनी ते बाहेर काढलं नाही. मला वाटलं, माणसानं हाय खाल्ली. पण एक बदल झाला होता. ओट्यावरची खुर्ची सकाळी रिकामी दिसायची. मी विचारलं, तर म्हणाले, ठकूबाईच्या सासूनं चहाला बोलवलंय. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर परत तेच. ती म्हातारी वरच्या बांधावरून "मास्तर, या वं" अशी हाक मारायची ती खाली माझ्या घरापर्यंत ऐकू यायची. सर पहिल्या हाकेलाच निघायचे.

दिवाळीच्या सुट्टीत प्रज्ञा आली. भाड्याची गाडी दारात उभी करून आली, दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन. मी तिच्यासाठी भाकरी टाकल्या आणि काळजीनं सरांच्या ओट्यावर जाऊन बसले. सरांनी कपाट उघडून मखमली डबी आणली आणि तिच्या हातात दिली. घड्याळ बंद होतं.

"खोटं दाखवत होतो तुला. पोस्टमन चालला, बाई चालल्या, बोकड चालला. म्या न्हाई चाललो," ते म्हणाले. "आता ह्ये बंद हाय. तू फिजिओची डॉक्टर. घड्याळ नगं बघू. मला बघ."

आणि त्यांनी चपला घातल्या. प्रज्ञानं ते घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवलं आणि बापाच्या मागं निघाली.

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. गेले ते हिर्डोशीतच, स्वतःच्या घरात, आदल्या दिवशी वर चहा पिऊन. धायरीला ते पुन्हा गेले नाहीत. घड्याळ प्रज्ञाच्या हातात असतं आणि ती म्हणते की ते तिकडं कधी बंद पडत नाही, दिवसभर माणसं उठवावी लागतात ना. मला त्यांची फार आठवण येते. इतका निवांत आणि इतका लबाड शेजारी पुन्हा मिळायचा नाही.

पण मला ते दिसतात ते त्या दिवाळीतले. मी ओट्यावर त्यांच्याच लोखंडी खुर्चीत टेकले होते, दुसरं काही बसायला नव्हतं म्हणून. त्यातला तो खोलगटपणा मला मुळीच मानवत नव्हता. वरच्या वाटेवर सर पुढं, काठी टेकत, आणि बरीच मागं प्रज्ञा, कमरेवर हात ठेवून दम खात थांबलेली. ती एका दगडावर बसली. सर थांबले, वळले, आणि गळ्यातली शिट्टी तोंडाला लावून त्यांनी ती लांबलचक फुंकली.

पोरगी उठली. आणि खाली ओट्यावर, काही कारण नसताना, मीही खुर्चीतून उठून उभी राहिले.